उमेदवार जनुक आणि तुलनेचा प्रश्न

एखादे जनुक एखाद्या आजाराशी जोडलेले आढळले, असे सांगणारा शोधनिबंध हाती आला की मी आधी पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, पाहत नाही. रुग्णांची तुलना कोणाशी केली, ती माणसे कुठून निवडली आणि निकाल छापण्यापूर्वी एकूण किती जनुके, किती उपगट व किती प्रारूपे तपासून झाली होती, हे ज्या परिच्छेदात लिहिलेले असते तो परिच्छेद मी शोधतो. बहुतेक निबंधांत तो फार आखूड असतो. संख्याशास्त्राच्या बाजूने या विषयाकडे येणाऱ्या माणसाची ही खोड असेलही. पण उमेदवार जनुकांच्या अभ्यासाचा इतिहास वाचताना मला वारंवार हेच जाणवले आहे की कसोट्यांचे गणित बहुधा बरोबर होते, आणि एका जनुकाविषयीचा निवाडा त्या एकट्या जनुकाच्या आकड्यांवरून करता येईल ही समजूत मात्र चुकीची होती.

सिकलसेल किंवा सिस्टिक फायब्रोसिससारख्या आजारांत एकाच जनुकातील बिघाड पुरेसा असतो आणि तो पिढ्यान् पिढ्या कसा उतरला हे वंशावळीवरून ओळखता येते. मधुमेह, हृदयविकार, दमा, नैराश्य यांचे तसे नाही. तिथे शेकडो जनुकांचा प्रत्येकी थोडा वाटा असतो, त्यात आहार, वय, संसर्ग, राहणीमान यांची भर पडते, आणि धोका वाढवणारे अ‍ॅलील (एकाच जनुकाचे एक रूप) निरोगी माणसांतही सर्रास सापडते. अशा आजारांसाठी उमेदवार जनुकाची पद्धत पुढे आली. आजाराच्या जीवशास्त्राविषयी जे ठाऊक आहे त्याच्या आधारे एखादे जनुक निवडायचे, त्यातील एखादे ज्ञात बदलाचे स्थान घ्यायचे, आणि तिथले एक अ‍ॅलील रुग्णांमध्ये अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळते का ते पाहायचे. ‘अपेक्षेपेक्षा’ या शब्दात सगळी अडचण दडलेली आहे, कारण ही अपेक्षा कुठून आणायची हे कसोटी स्वतः सांगत नाही.

ही अडचण अगदी सुरुवातीच्या लोकांना नीट ठाऊक होती, हे मला विशेष वाटते. डीएनए वाचता येण्याच्या फार आधी, १९५० च्या दशकात, ब्रिटनमध्ये रक्तगट आणि आजार यांचा संबंध तपासला गेला. १९५३ मध्ये ए रक्तगट आणि जठराचा कर्करोग यांच्याविषयी निबंध आला, आणि पाठोपाठ ओ रक्तगट व पेप्टिक अल्सर यांच्याविषयी. ब्रिटनमध्ये रक्तगटांचे प्रमाण प्रदेशानुसार बदलते, त्यामुळे एका शहरातील रुग्ण आणि दुसऱ्या शहरातील निरोगी लोक एकत्र मोजले तर आजाराशी काही संबंध नसतानाही फरक दिसला असता. वूल्फ यांनी १९५५ मध्ये यावर जी रीत मांडली तिच्यात लंडन, मँचेस्टर आणि न्यूकॅसल या प्रत्येक शहराच्या आत तुलना करायची, प्रत्येक शहराचे सापेक्ष धोक्याचे गुणोत्तर स्वतंत्रपणे काढायचे आणि मगच त्या गुणोत्तरांची योग्य ते वजन देऊन सरासरी घ्यायची, असा क्रम होता. पुढच्या चाळीस वर्षांत जे वाद झाले त्यांतील निम्मे या एका निबंधाच्या शिस्तीने टळले असते, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष कसोट्यांकडे वळू. एका स्थानावर क आणि ख अशी दोन अ‍ॅलील असतील तर माणसाकडे कक, कख किंवा खख यांपैकी एक जनुकरूप असते. रुग्ण आणि तुलनागट अशा दोन ओळी व तीन जनुकरूपांचे तीन स्तंभ मांडले की काय-वर्ग कसोटी (अपेक्षित व प्रत्यक्ष आकड्यांतील फरक मोजणारी) दोन स्वातंत्र्य-मात्रांवर, म्हणजे दोन स्वतंत्र फरकांच्या हिशोबाने, लावता येते. ही कसोटी कोणतेही प्रारूप गृहीत धरत नाही, आणि म्हणूनच ती थोडी दुबळी पडते. दुसरी वाट अशी की प्रत्येक माणसाची दोन अ‍ॅलील वेगळी मोजायची आणि दोन ओळी, दोन स्तंभांचा तक्ता करायचा. शंभर रुग्णांची दोनशे अ‍ॅलील होतात, नमुना एकदम दुप्पट झाल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच ही वाट अनेकांना आवडली. पण एकाच माणसातील दोन अ‍ॅलील परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानल्याशिवाय हा तक्ता वैध ठरत नाही. सासिएनी यांनी १९९७ मध्ये नेमके हेच दाखवून दिले: रुग्ण आणि तुलनागट एकत्र घेतल्यावर हार्डी-वाइनबर्ग संतुलन पाळले जात नसेल तर अ‍ॅलील मोजणारी कसोटी खोटी खात्री देऊ शकते. कॉक्रन यांनी १९५४ मध्ये आणि आर्मिटेज यांनी १९५५ मध्ये मांडलेली कल-कसोटी हा त्यावरचा साधा उपाय आहे. तिच्यात माणूस हेच मोजमापाचे एकक राहते, जनुकरूपांना ०, १, २ असे गुण दिले जातात आणि गुण वाढतील तसा रुग्णांचा वाटा वाढतो का हे एका स्वातंत्र्य-मात्रेवर तपासले जाते. वय, लिंग यांसारखे घटक विचारात घ्यायचे असतील तर हाच प्रश्न लॉजिस्टिक समाश्रयणात (एकाच वेळी अनेक घटकांचा परिणाम मोजणाऱ्या पद्धतीत) मांडता येतो. एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी कल-कसोटीच निवडेन, आणि ती आकडे पाहण्यापूर्वी निवडेन.

हार्डी-वाइनबर्ग संतुलनाचा एक आणखी उपयोग आहे आणि तो कमी लेखला जातो. १९०८ मध्ये हार्डी आणि वाइनबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या या नियमानुसार ख अ‍ॅलीलचे प्रमाण ३० टक्के असेल तर खख ९ टक्के, कख ४२ टक्के आणि कक ४९ टक्के लोकांत आढळायला हवे. तुलनागटात कख फार कमी आणि दोन्ही टोकांची जनुकरूपे फार जास्त दिसली, तर बहुतेक वेळा उत्क्रांतीचे काही गूढ हाती लागलेले नसते. प्रयोगशाळेत मिश्र जनुकरूप ओळखण्यात चूक झालेली असते. रुग्णगटातील विचलनाचा अर्थ मात्र वेगळा असू शकतो, कारण जनुक खरोखरच आजाराशी निगडित असेल तर रुग्णांमध्ये हे संतुलन ढळणे स्वाभाविक आहे. दोन्ही गटांना एकच चाळणी लावून रुग्णगटातील ‘बिघडलेली’ स्थाने काढून टाकणारा निबंध कधीकधी आपल्याच शोधाचा पुरावा बाहेर फेकत असतो.

या सर्व कसोट्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक, म्हणजे रुग्ण आणि तुलनागट एकाच लोकसमूहातून आले आहेत हे, मोडले तर काय होते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात गिला नदीकाठी राहणाऱ्या मूळ रहिवासी समाजात टाइप २ मधुमेहाचे प्रमाण अतिशय जास्त आहे. नोलर आणि सहकाऱ्यांनी तेथील ४,९२० लोकांची माहिती तपासली. प्रतिपिंडांशी संबंधित जीएम या स्थानावरील एक विशिष्ट हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणाऱ्या बदलांचा संच) ज्यांच्याकडे होता त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ८ टक्के होते, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यात २९ टक्के. एवढ्या मोठ्या नमुन्यातील एवढा फरक कोणतीही कसोटी सहज ‘लक्षणीय’ ठरवील. हा हॅप्लोटाइप मधुमेहापासून संरक्षण देतो, असा निष्कर्ष काढून निबंध संपवता आला असता. पण हा हॅप्लोटाइप युरोपीय वंशाच्या लोकांत सामान्य आणि मूळ रहिवाशांत अतिशय विरळ आहे. म्हणजे तो ज्याच्याकडे आहे त्याच्या पूर्वजांत कोणीतरी युरोपीय असण्याची शक्यता अधिक. सहभागी व्यक्तींच्या पूर्वजांपैकी मूळ रहिवाशांचा वाटा किती, यानुसार गट पाडून प्रत्येक गटात तुलना केली तेव्हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. जीएम हॅप्लोटाइप मधुमेहाविषयी काहीच सांगत नव्हता, तो फक्त वंशमिश्रणाची खूण होता. इथे आकडे खोटे नव्हते, मोजमाप चुकलेले नव्हते आणि कसोटीही योग्य होती, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम पुन्हा पुन्हा मांडतो.

वंशमिश्रणाची माहिती प्रत्येक वेळी अशी हाताशी नसते. मग तुलनेसाठी कोणाकडे पाहायचे? या प्रश्नाला मिळालेले सर्वांत देखणे उत्तर माझ्या मते आईवडिलांकडे पाहण्याचे आहे. प्रत्येक पालकाकडे एका स्थानावर दोन अ‍ॅलील असतात. त्यांपैकी एक मुलाला मिळते आणि दुसरे मिळत नाही. जे मिळाले नाही ते त्याच घरातले, त्याच वंशातले असते, आणि म्हणून मिळालेल्या अ‍ॅलीलशी तुलना करायला त्याच्याइतके योग्य दुसरे काही असू शकत नाही. फॉक आणि रुबिनस्टाइन यांनी १९८७ मध्ये हा विचार हॅप्लोटाइप सापेक्ष धोक्याच्या रूपात मांडला होता. स्पीलमन, मॅकगिनिस आणि इवेन्स यांनी १९९३ मध्ये त्याला कसोटीचे नेमके रूप दिले. ती संक्रमण-असंतुलन कसोटी, म्हणजेच टीडीटी.

तिचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. ज्या पालकाकडे दोन वेगवेगळी अ‍ॅलील आहेत असेच पालक घ्यायचे. त्यांनी आजारी मुलाला क किती वेळा दिले आणि ख किती वेळा दिले ते मोजायचे. जनुकाचा आजाराशी संबंध नसेल तर मेंडेलच्या नियमानुसार दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. दोन आकड्यांतील फरकाचा वर्ग करून त्याला त्यांच्या बेरजेने भागले की एका स्वातंत्र्य-मात्रेचा काय-वर्ग मिळतो; मॅकनेमार यांची १९४७ ची जोडीदार निरीक्षणांची कसोटी ती हीच. मूळ निबंधात टाइप १ मधुमेह आणि इन्सुलिन जनुकाच्या सुरुवातीजवळचा पुनरावृत्त भाग यांचा संबंध तपासला होता. आजाराशी संबंधित मानलेले अ‍ॅलील ७८ वेळा आजारी मुलाकडे गेले आणि ४६ वेळा गेले नाही. फरक ३२, त्याचा वर्ग १,०२४, भागिले १२४, म्हणजे ८.२६, पी-मूल्य सुमारे ०.००४. या जनुकाविषयी त्याआधी काही वर्षे गोंधळ होता. रुग्ण आणि असंबंधित निरोगी लोकांची तुलना केली की संबंध दिसे, पण आजारी भावंडांवर आधारित नेहमीच्या लिंकेज कसोट्यांत (गुणसूत्रावर जवळ असलेली स्थाने घरात एकत्र उतरतात का हे पाहणाऱ्या) तो नीट दिसत नसे, त्यामुळे हा वंशमिश्रणाचाच खेळ असावा अशी शंका होती. टीडीटीने ती शंका दूर केली, कारण लोकसमूहाची रचना कशीही असली तरी पालकाकडून मुलाकडे जाणारे अ‍ॅलील हे निसर्गाने टाकलेले नाणे असते.

या कसोटीचा एक बारकावा पाठ्यपुस्तकांत घाईने उरकला जातो. टीडीटीचे शून्य गृहीतक, म्हणजे कसोटीने खोडून काढायचे ते गृहीतक, दुहेरी आहे: लिंकेज नाही किंवा साहचर्य (लोकसमूहात आजार आणि विशिष्ट रूप एकत्र आढळणे) नाही. ती यशस्वी व्हायला दोन्ही असावे लागतात. मात्र एकाच घरातील दोन-तीन आजारी मुले घेतली तर त्यांना मिळालेली अ‍ॅलील लिंकेज असताना परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत. तेव्हा ही कसोटी लिंकेजसाठी वैध राहते, पण साहचर्याची कसोटी म्हणून तिचा तसाच वापर करता येत नाही. पुढे भावंडांना तुलनेसाठी घेणारी कसोटी, मोठ्या वंशावळी सामावणारी कसोटी आणि २००० च्या सुमारास या सगळ्यांना एका चौकटीत बसवणारी कुटुंबाधारित साहचर्य कसोटी आली, ती मुख्यतः अशाच अडचणींमुळे.

इतकी देखणी कल्पना असूनही टीडीटी मागे पडली. साठाव्या वर्षी मधुमेह किंवा हृदयविकार होणाऱ्या रुग्णाचे आईवडील रक्त द्यायला हयात नसतात. ज्या पालकाची दोन्ही अ‍ॅलील सारखी आहेत तो काहीच सांगत नाही, म्हणून जमवलेल्या कुटुंबांतील बराचसा भाग वाया जातो. एका रुग्णामागे तिघांची तपासणी करावी लागते. शिवाय वंशमिश्रणापासून सुरक्षित असलेली ही कसोटी प्रयोगशाळेतील चुकांबाबत मात्र फार हळवी आहे: मिश्र जनुकरूप चुकून एकाच अ‍ॅलीलचे म्हणून नोंदवले गेले, तर सामान्य अ‍ॅलील मुलाकडे अधिक वेळा जाते असा आभास निर्माण होतो, कारण उलट दिशेच्या चुका मेंडेलच्या नियमात न बसणारी कुटुंबे म्हणून आधीच गाळल्या जातात. २००३ मध्ये मिचेल, कट्लर आणि चक्रवर्ती यांनी हे दाखवल्यावर सामान्य अ‍ॅलीलच्या बाजूने लागलेल्या जुन्या निकालांकडे नव्याने पाहावे लागले.

मग असंबंधित लोकांचीच तुलना करायची, पण वंशमिश्रणाचा बंदोबस्त करून, या दिशेने काम वळले. डेव्हलिन आणि रोएडर यांनी १९९९ मध्ये मांडलेले जीनोमिक नियंत्रण हे त्यांतील पहिले ठळक पाऊल. रुग्ण आणि तुलनागट यांच्यात वंशाचा फरक असेल तर तो फक्त आपल्या उमेदवार जनुकावर दिसणार नाही. आजाराशी काही घेणेदेणे नसलेल्या इतर स्थानांवरही तो उमटेल. म्हणून अशी बरीच स्थाने तपासायची, त्यांच्या काय-वर्ग मूल्यांचा मध्यक काढायचा आणि शून्य गृहीतकाखाली तो जेवढा यायला हवा त्या ०.४५५ ने त्याला भागायचे. उत्तर १ च्या जवळ आले तर ठीक, १.२ आले तर आपल्या उमेदवाराचे काय-वर्ग मूल्यही १.२ ने भागून मगच बोलायचे. २००० मध्ये प्रिचर्ड आणि सहकाऱ्यांनी जनुकीय खुणांवरून माणसांचे वंशगट अंदाजून प्रत्येक गटात तुलना करण्याची पद्धत दिली, आणि २००६ मध्ये प्राइस आणि सहकाऱ्यांनी मुख्य घटक विश्लेषणाचा मार्ग रूढ केला, ज्यात वंशाचे मुख्य अक्ष काढून ते समाश्रयणात टाकले जातात. आज हेच नित्याचे झाले आहे. या सगळ्यातील विरोधाभास मला मोठा गंमतीचा वाटतो: एका जनुकाची प्रामाणिक तपासणी करण्यासाठी उरलेल्या जीनोमची तपासणी करावी लागते, आणि ती एकदा केली की फक्त एकाच जनुकाकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

वंशमिश्रणाची चर्चा पुष्कळ झाली, पण उमेदवार जनुकांच्या बहुतांश निकालांना बुडवले ते दुसऱ्याच दोन गोष्टींनी, असे आता म्हणता येते: लहान नमुने आणि न मोजलेले प्रयत्न. एक साधा हिशोब करून पाहू. समजा एखाद्या अ‍ॅलीलचे प्रमाण निरोगी लोकांत ३० टक्के आहे आणि त्याचा खरा ऑड्स रेशो (रुग्ण व निरोगी लोकांतील शक्यतांचे गुणोत्तर) १.२ आहे, गुंतागुंतीच्या आजारांत हा परिणाम अगदी क्षुल्लक नव्हे. रुग्णांत ते अ‍ॅलील साधारण ३४ टक्के असेल. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी लोक घेऊन ०.०५ ची पातळी ठेवली (पी-मूल्य याहून कमी आले तरच निकाल लक्षणीय) तर हा खरा परिणाम सापडण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या आसपास असते. ८० टक्के शक्यता हवी असेल तर सुमारे ११०० रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक लागतात. आणि यातला खरा दंश पुढे आहे: शंभर-शंभरच्या अभ्यासात निकाल लक्षणीय ठरायचा तर दिसणारा ऑड्स रेशो निदान दीडच्या घरात जावाच लागतो. म्हणजे १.२ चा खरा परिणाम अशा अभ्यासातून जेव्हा केव्हा प्रसिद्ध होईल तेव्हा तो फुगलेल्या रूपातच होईल. त्या फुगलेल्या आकड्यावरून पुढच्या अभ्यासाचा नमुना ठरवला की तो पुन्हा अपुरा पडतो, निकाल येत नाही, आणि मग ‘आमच्या लोकसमूहात हा संबंध आढळला नाही’ असा दुसरा निबंध लिहिला जातो. असे परस्परविरोधी निबंध वाचून लोकसमूहांच्या भिन्नतेवर पानेच्या पाने लिहिली गेली, तेव्हा त्यातला मोठा भाग निव्वळ योगायोगाचा होता.

न मोजलेल्या प्रयत्नांची बाब अधिक अवघड आहे, कारण ती निबंधात दिसत नाही. प्रभावी, अप्रभावी, योगात्म अशी तीन प्रारूपे. स्त्रिया आणि पुरुष वेगळे. लवकर आजार झालेले आणि उशिरा झालेले वेगळे. आणि एका जनुकातील चार-पाच स्थाने. यांचे गुणाकार केले की शंभराच्या आसपास कसोट्या सहज होतात, आणि त्यांतील चार-पाच ०.०५ च्या खाली जाण्यासाठी जनुकाने काहीही करावे लागत नाही. बॉनफेरोनी दुरुस्ती (पातळीला कसोट्यांच्या संख्येने भागणे) किंवा रुग्ण व निरोगी या खुणांची अदलाबदल करून हजारो वेळा कसोटी घेणारी क्रमपर्यायी पद्धत इथे उपयोगी पडते, परंतु दोन्हींना एकूण कसोट्यांची खरी संख्या सांगावी लागते. अँजिओटेन्सिन रूपांतरक विकराच्या, म्हणजे एसीई जनुकाच्या, एका बदलाचा हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध १९९२ मध्ये जाहीर झाला आणि धोका कमी समजल्या जाणाऱ्या उपगटात तो विशेष ठळक होता. त्यानंतर लहान अभ्यासांची रीघ लागली. २००० मध्ये सुमारे ५,००० रुग्ण आणि ६,००० निरोगी लोकांवरील अभ्यास आला तेव्हा वाढीव धोका फार तर दहा टक्क्यांच्या आसपास असावा असे दिसले, आणि उपगटांतील नाट्य ओसरले.

पण प्रयत्न प्रामाणिकपणे मोजले, वंशमिश्रण आवरले आणि नमुना पुरेसा घेतला, तरी ०.०५ ही पातळी इथे का चालत नाही याचे मूळ आधीच्या शक्यतेत आहे. मानवी जीनोममध्ये प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. समजा आपण हुशारीने निवडलेल्या दर हजार उमेदवार बदलांपैकी एकच खरोखर आजाराशी निगडित आहे. हजारही तपासले तर ९९९ निर्दोष बदलांपैकी सुमारे ५० केवळ योगायोगाने ०.०५ च्या खाली जातील, आणि ८० टक्के सामर्थ्य (खरा परिणाम सापडण्याची शक्यता) असले तरी खरा बदल सापडण्याची अपेक्षा ०.८ इतकीच. म्हणजे ‘लक्षणीय’ निकालांपैकी ९८ टक्के निकाल खोटे. वाकोल्डर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हाच हिशोब खोट्या निकालाच्या संभाव्यतेच्या सूत्रात मांडून प्रत्येक निबंधाने ती संभाव्यता द्यावी असे सुचवले. त्याआधी, १९९६ मध्ये, रिश आणि मेरिकांगास यांनी संपूर्ण जीनोममधील दहा लाख कसोट्या गृहीत धरून ०.०००००००५, म्हणजे दोन कोटींत एक, ही पातळी सुचवली होती, आणि पुढे तीच रूढ झाली. वरच्या उदाहरणातील परिणामासाठी या पातळीवर प्रत्येक गटात सुमारे ५,५०० माणसे लागतात. उमेदवार जनुकांच्या काळात एवढे नमुने जवळजवळ कोणाकडेच नव्हते.

परिणाम काय झाला तो हिर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मोजला. ६०० हून अधिक प्रसिद्ध संबंधांपैकी १६६ तीन किंवा अधिक वेळा तपासले गेले होते, आणि त्यांतील केवळ सहा सातत्याने पुन्हा आढळले होते. पुढच्या वर्षी लोमुलर आणि सहकाऱ्यांनी २५ संबंधांवरील ३०१ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा आठांना आधार सापडला. म्हणजे खरे परिणामही त्या ढिगाऱ्यात होते, पण ते लहान होते. २००० मध्ये आल्टशुलर आणि सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाशी संबंधित १६ प्रसिद्ध दावे ३,००० हून अधिक लोकांत तपासले आणि त्यांतला एकच टिकला. तो पीपीएआरजी जनुकातील बाराव्या स्थानचा प्रोलीन-अ‍ॅलॅनीन बदल. बहुसंख्य लोकांत असणारे प्रोलीनचे अ‍ॅलील धोका सुमारे १.२५ पट वाढवते. आधीचे ‘नकारात्मक’ अभ्यास या आकड्याच्या विरोधात नव्हते, ते फक्त तो पाहण्याइतके मोठे नव्हते. पीपीएआरजीचे प्रथिन हे ग्लिटाझोन औषधांचे लक्ष्य आहे, आणि पुढे टिकलेले दुसरे उमेदवार जनुक केसीएनजे११ हे सल्फोनिलयुरिया औषधांच्या लक्ष्याचा भाग आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. औषधाने मधुमेह आटोक्यात येतो हा माणसांवरचा प्रत्यक्ष पुरावा होता. ‘या मार्गात हे जनुक येते’ एवढ्यावर ही निवड उभी नव्हती. याउलट नैराश्यात सेरोटोनिन वाहकाच्या जनुकावर आणि त्याच्यासारख्या इतरांवर दोन दशके शेकडो निबंध लिहिले गेले, आणि २०१९ मध्ये बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी अशी १८ सर्वाधिक अभ्यासलेली जनुके ६२,१३८ ते ४,४३,२६४ लोकांच्या नमुन्यांत तपासली तेव्हा ती यादृच्छिक निवडलेल्या जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

मग उमेदवार जनुकाच्या कसोट्या इतिहासजमा झाल्या का? तसे मी म्हणणार नाही. विरळ बदलांच्या बाबतीत त्या नव्या रूपात परतल्या आहेत. हजारात एखाद्या माणसात आढळणाऱ्या एकेका बदलाची कसोटी घेणे निरर्थक असते, म्हणून एका जनुकातील सर्व विरळ बदल एकत्र मोजणारी भार-कसोटी वापरतात. आणि काही बदल धोका वाढवत असतील व काही कमी करत असतील तर बेरजेत ते एकमेकांना पुसून टाकतात, म्हणून परिणामांची विचलनशीलता तपासणारी स्कॅट ही कसोटी २०११ मध्ये आली. २००४ मध्ये कोहेन आणि सहकाऱ्यांनी एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, अतिशय कमी व अतिशय जास्त असलेल्या लोकांत तीन उमेदवार जनुके वाचली, तेव्हा प्रथिन बदलणारे विरळ फरक कमी एचडीएलच्या गटात १६ टक्के आणि दुसऱ्या गटात २ टक्के लोकांत निघाले. पुढे पीसीएसके९ जनुकात त्यांना याहून मोठे यश मिळाले: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३,३६३ कृष्णवर्णीय अमेरिकी सहभागींपैकी २.६ टक्के लोकांत हे जनुक निकामी करणारे बदल होते, त्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सरासरी २८ टक्के कमी होते आणि हृदयधमनीच्या आजाराचा धोका ८८ टक्के कमी होता. आज दिली जाणारी पीसीएसके९ रोधक औषधे या निरीक्षणावर उभी आहेत.

विरळ बदलांतही तुलनेचा प्रश्न सुटलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली आहे. रुग्णांचे डीएनए एका प्रयोगशाळेत खोलवर वाचले आणि तुलनेसाठी सार्वजनिक संग्रहातील लोक घेतले, तर जिथे वाचन अधिक दाट तिथे विरळ बदलही अधिक सापडतात, आणि जनुक अकारण दोषी दिसते. विरळ बदल अलीकडच्या काळात उद्भवलेले असल्यामुळे ते लहान लहान प्रदेशांत साचलेले असतात, आणि वंशाचे मुख्य अक्ष त्यांना नेहमी पकडू शकत नाहीत. यावर जो उपाय रूढ होत आहे तो मला टीडीटीइतकाच आवडतो. त्याच जनुकात असे बदलही असतात जे डीएनएचे अक्षर बदलतात पण प्रथिन तसेच ठेवतात. ते आजाराला कारणीभूत होण्याची शक्यता फार थोडी; पण वाचनाची दाटी, प्रयोगशाळेतील फरक आणि वंशमिश्रण यांचा परिणाम त्यांच्यावरही तेवढाच होतो. म्हणून निकामी करणाऱ्या बदलांची संख्या रुग्णांत जास्त निघाली की तीच मोजणी या निरुपद्रवी बदलांवर करून पाहायची. तिथे दोन्ही गट सारखे निघाले तर पुढे जायचे. तिथेही रुग्णांचे पारडे जड असेल तर दोन्ही गटांच्या नोंदी पुन्हा एकाच पद्धतीने वाचून काढाव्या लागतात, आणि तोवर त्या जनुकाचे नाव निबंधाच्या शीर्षकात घालता येत नाही.